ती उंची कंपनीने उगीच दिलेली नाही

"मामा, कंपनी आपल्याले बैलबंडीवाले समजते, म्हणून गाडी उंच करून देते. मी फक्त तिले तिच्या खऱ्या उंचीवर आणली."

हे माझ्या भाच्याचं म्हणणं. बाळापूर फाट्यावरच्या चहाच्या टपरीसमोर त्याची गाडी उभी होती. चाकणला तयार झालेली पोलो जीटी, दुसऱ्या हाताने घेतलेली, धुऊनपुसून लख्ख. कंपनीच्या स्प्रिंगा काढून त्याने त्या जागी बाहेरून मागवलेल्या आखूड स्प्रिंगा टाकल्या आहेत आणि गाडी 35 मिलिमीटर खाली आली आहे. टायर आणि मडगार्ड यांच्यात आधी चार बोटं जात होती, आता जेमतेम दोन जातात. त्याच्याबरोबर त्याचे तीन मित्र होते. सगळे शिकलेले, दोघे इंजिनिअर. त्यांनी माझ्यापुढे एकेक मुद्दा ठेवला. गाडी खाली आली की वळणावर झुकत नाही. पकड वाढते. रेसच्या गाड्या जमिनीला टेकलेल्या असतात त्या काय उगीच? आणि आता रस्तेही पूर्वीचे राहिले नाहीत, अमरावती-अकोल्याचा रस्ता तर गिनीज बुकात गेला. शेवटी एकजण म्हणाला, "काका, तुम्ही जुन्या जमान्याचे, काहून भेता एवढे?"

मी तीस वर्षं आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या मुलांना शिकवलं. पाटा, शॉकअप, लोअर आर्म, बुश यांच्यात हयात गेली. त्या संध्याकाळी मी फार बोललो नाही, कारण भाचा मित्रांसमोर होता आणि मला त्याचा पाणउतारा करायचा नव्हता. पण ही एका गाडीची गोष्ट राहिलेली नाही. बाळापुरात, अकोल्यात, खामगावात अशा खाली बसवलेल्या गाड्या आता रोज दिसतात आणि हौस म्हणून केलेल्या कामाला शास्त्राचं नाव दिलं जातं. हौस असेल तर हौस म्हणा, मी वाद घालणार नाही. शास्त्र म्हणत असाल तर मात्र मला उत्तर द्यावंच लागेल.

आधी तो बैलबंडीचा मुद्दा. युरोपात विकली जाणारी पोलो आणि आपल्याकडची पोलो यांच्या उंचीत फरक होता, आपली थोडी उंच होती, हे खरं आहे. भाचा त्यात अपमान पाहतो. मला त्यात कुणीतरी आपल्या रस्त्यावर येऊन, गुडघे टेकून, मोजमाप घेतल्याची खूण दिसते. आपल्याकडे पाच सीटच्या गाडीत पाच माणसं खरोखर बसतात, वर मांडीवर लेकरू, डिकीत तुरीच्या डाळीचं पोतं आणि लोणच्याची बरणी. हा भार धरला तर गाडी चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर बसते. मोकळ्या गाडीची उंची 165 च्या आसपास. म्हणजे भरलेली गाडी जमिनीपासून 120 वर आली. आता आखूड स्प्रिंगांनी त्यातले आणखी 35 घ्या. स्प्रिंग थोडी कडक असल्यामुळे भार पडल्यावर ती जरा कमी बसेल, तो न्याय मी तिला देतो. तरी हाती 95 मिलिमीटरच उरतात, वीतभरही नाही.

आणि हे फक्त परदेशी कंपनीचं आपल्याबद्दलचं मत आहे असंही नाही. टाटा मोटर्सने कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्ह्जबरोबर मिळून 2018 मध्ये टियागो जेटीपी काढली. टर्बो इंजिन, 114 पीएस ताकद, रुंद टायर, जोशात चालवण्यासाठीच बनवलेली गाडी. जयेमची माणसं रेसिंगमध्ये मुरलेली. त्यांच्या हातात नवी स्प्रिंग, नवा शॉकअप, चाचणीचा ट्रॅक, सगळं होतं. त्यांनी ती गाडी साध्या टियागोपेक्षा किती खाली आणली? 4 मिलिमीटर. फक्त चार. ज्यांना हवी तेवढी खाली आणता आली असती त्यांनी चारावर हात आवरला, आणि आमची पोरं गॅरेजच्या दारात एका दुपारी पस्तीस खाली आणतात. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे त्याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आता पकडीकडे येतो. माझा खरा वाद इथेच आहे.

गाडी खाली आली की गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर बाहेरच्या चाकांवर जाणारा भार कमी होतो. हे बरोबर आहे, पुस्तकातही हेच लिहिलेलं असतं. पण किती कमी होतो, हे कुणी कागद घेऊन काढलं का? मी काढलं. गाडी अकराशे किलोंची धरा, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर 1.46 मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटर. बऱ्यापैकी जोरात वळण घेतलं, म्हणजे गाडी गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या जोराने आडवी ओढली गेली, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर 207 किलो भार सरकतो. गुरुत्वमध्य 3 सेंटिमीटर खाली आणला तर 196 किलो सरकतो. फरक अकरा किलोंचा. दिवाणखान्यातला टीपॉय एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे सरकवावा एवढा. टायरमधली हवा आठवड्याला एकदा तपासली तरी यापेक्षा जास्त पकड हाती लागते.

त्या अकरा किलोंसाठी दिलं काय, ते पाहा. चाक वर उचललं जाण्यासाठी स्प्रिंगमध्ये जी जागा असते तिला आम्ही प्रवास म्हणतो. मोकळ्या गाडीत ती 80 मिलिमीटर होती असं धरू. त्यातले 35 गाडी उभी असतानाच संपले. उरले 45. आता खड्ड्याच्या काठाचा तोच धक्का आला तर तो 45 मध्ये जिरवायचा आहे. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबल्या गेलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 80 भागिले 45, त्याचा वर्ग, तीनपेक्षा थोडा जास्त. म्हणजे पूर्वी जो धक्का पोटात जायचा तोच आता पचवायचा असेल तर स्प्रिंग तिपटीहून कडक हवी. बाजारात मिळणाऱ्या या स्प्रिंगा साधारण सव्वापट कडक असतात. तिप्पट केल्या तर गाडीत बसणं अशक्य होईल, हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. मग उरलेला धक्का कोण खातं? स्प्रिंगच्या टोकाशी रबराचा गोळा असतो, ज्याला आपण स्टॉपर म्हणतो, तो. आणि त्याचा जीव गेला की शॉकअपचं डोकं, बॉडीचा पत्रा आणि मागे बसलेल्या माणसाचा मणका.

पकड म्हणजे चाक रस्त्याला धरून राहणं. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी मी मुलांना हेच सांगायचो. पाटलाच्या चौकातल्या पैलवानाकडे बघा, तो गुडघे वाकवून उभा राहतो. पाय ताठ ठेवून उभा राहिला तर एका ढकलीत जाईल. गाडीचे गुडघे म्हणजे हा स्प्रिंगचा प्रवास. वळणावर बाहेरचं चाक आधीच दाबलेलं असतं. खाली बसवलेल्या गाडीत ते स्टॉपरच्या तोंडाशी येऊन थांबलेलं असतं. तिथेच रस्त्याचा एक उंचवटा आला की स्टॉपर चेपतो, कडकपणा एका झटक्यात कितीतरी पट वाढतो आणि चाक रस्ता सोडून उडी घेतं. पुढचं उडालं तर गाडी वळणाबाहेर सरळ जाते, मागचं उडालं तर शेपूट फिरते. वाहन चालवणाऱ्याला याची आधी कसलीच सूचना मिळत नाही. गुळगुळीत वळणावर "बघा मामा, कशी चिकटून जाते" म्हणणाऱ्या माझ्या भाच्याला मी सांगतो, गुळगुळीत वळणावर कंपनीची गाडीही चिकटूनच जात होती. परीक्षा वाईट वळणावर असते.

वळणावर गाडी झुकत नाही, हेही अर्धवट खरं आहे. या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, अर्ल मॅकफर्सनने चाळीसच्या दशकात मांडलेली रचना. साधी, स्वस्त आणि टिकाऊ, म्हणून आज जगभरच्या लहान गाड्यांत तीच. तिचा एक स्वभाव आहे. लोअर आर्म चाकाकडे किंचित खाली उतरता असतो तोवर सगळं ठीक चालतं. बॉडी खाली आणली की तो आडवा होतो, मग चाकाच्या बाजूने वर चढतो. गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू, रोल सेंटर, अशा वेळी बॉडीपेक्षाही जास्त खाली जातो. गुरुत्वमध्य 3 सेंटिमीटर खाली आला पण झुकण्याचा बिंदू त्याहून खाली गेला, म्हणजे दोघांमधला दांडा लांबला. लांब दांड्याने खुंटा सहज उपटतो तसा हा दांडा गाडीला जास्त झुकवतो. नव्या स्प्रिंगचा जो जादा कडकपणा तुम्ही पैसे देऊन घेतला त्यातला मोठा वाटा तुम्हीच केलेलं हे नुकसान भरून काढण्यात जातो.

शिवाय चाकाचा कोन बिघडतो. चाकं वरून आत कलतात, स्टीअरिंगचा दांडा आणि लोअर आर्म यांचा मेळ तुटतो, चाकांची तोंडं आत-बाहेर होतात. भाच्याच्या गाडीची अलाइनमेंट स्प्रिंगा बसवल्यानंतर तीन महिने झालीच नव्हती. ज्या गॅरेजात काम केलं तिथे त्याला कुणी सांगितलं नाही. बाहेरून टायर नवे दिसत होते. मी गाडी जॅकवर घेऊन आतल्या कडेवरून हात फिरवला तर तारा लागल्या. बाळापूर ते अकोला रोज जाऊन येऊन पन्नासेक किलोमीटर, तारा उघड्या पडलेल्या टायरवर, आणि तेही पकड वाढवण्यासाठी.

शॉकअपबद्दल तर ही पोरं बोलतच नाहीत. स्प्रिंग धक्का झेलते, शॉकअप तिचं नाचणं थांबवतो. दोघांची जोडी जुळवून दिलेली असते. सव्वापट कडक स्प्रिंगला जुना शॉकअप आवरू शकत नाही, त्याची आवरण्याची ताकद स्प्रिंगच्या मानाने दहा-अकरा टक्क्यांनी कमी पडते. वर तो आता आपल्या नळीच्या खालच्या भागातच काम करत राहतो आणि स्टॉपर त्याच्या दांड्यावर घाव घालत राहतो. गाडी खाली केल्यावर वर्षभरात शॉकअप बसले, तेल गळायला लागलं, अशी गाडी माझ्या ओळखीच्या प्रत्येक मेकॅनिकने पाहिली आहे.

रस्त्यांचा मुद्दा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे, कारण त्यात आपल्या मातीची गोष्ट आहे. जून 2022 मध्ये राष्ट्रीय महामार्ग 53 वर अमरावती जिल्ह्यातल्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातल्या मानापर्यंत 105 तास 33 मिनिटांत एका लेनच्या हिशोबाने 75 किलोमीटर डांबरीकरण सलग झालं आणि गिनीजमध्ये नोंद झाली. त्या उन्हात त्या मजुरांनी आणि इंजिनिअरांनी जे केलं त्याचा मला अभिमान आहे. पण तो विक्रम डांबर पसरण्याच्या वेगाचा आहे. आणि माना कुठे, मूर्तिजापूरच्याही पुढे. बाळापूर अकोल्याच्या अलीकडे, पश्चिमेला. गिनीजच्या रस्त्यावर भाच्याची गाडी वर्षातून दोनदा जात असेल.

डांबराखाली काय आहे, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कपाशीची माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात अशी आक्रसते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो. ज्या मातीने आपल्याला कापूस दिला तीच घराच्या भिंतींना तडे देते आणि रस्त्याला लाटा आणते. मुरूम टाकला, थर वाढवले तरी ती खालून श्वास घेत राहते. म्हणून आपल्याकडचा नवा रस्ता पहिल्या वर्षी काचेसारखा आणि दोन-चार पावसाळ्यांनी लांब लांब लाटांचा होतो. वर सुरतेकडून नागपूरकडे जाणाऱ्या ट्रकांची रात्रंदिवस रांग. खड्डा दिसतो तरी. या लाटा डोळ्याला दिसत नाहीत, फक्त पोटाला कळतात.

समजा लाटा वीस वीस मीटरवर आहेत आणि गाडी ताशी 100 ने चालली आहे. म्हणजे गाडीला सेकंदाला साधारण 1.4 हेलकावे मिळतात. प्रत्येक गाडीच्या बॉडीची स्प्रिंगवर डोलण्याची आपली एक लय असते. कंपनीच्या स्प्रिंगवर ती 1.25 धरली तर सव्वापट कडक स्प्रिंगवर ती 1.4 होते. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का दिला की तो उंच जातो तसंच इथे होतं. ताशी 90 ला कंपनीची गाडीही त्याच लयीत सापडेल, हे मी लपवत नाही. पण तिच्या शॉकअपला स्प्रिंग आवरता येते आणि तिच्याकडे दोन्ही बाजूंना जागा आहे, म्हणून एकदा-दोनदा डोलून ती स्थिर होते. खाली बसवलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या लाटेला स्टॉपरवर आपटते. महामार्गावर ताशी 100 ला आपटलेली गाडी, समोर कापसाची ट्रॉली, आणि ब्रेकवर पाय. नाचणाऱ्या चाकाला ब्रेक लागत नाही. चाक जितका वेळ रस्त्यावर हलकं असतं तितका वेळ ब्रेकचा काही उपयोग नाही.

आणि महामार्ग सोडल्यावर काय? गाडी महामार्गावर राहायला जात नाही. फाट्यावरून आत, मन नदीच्या काठाने, गल्लीत, आणि तिथून घराच्या फरशीपर्यंतच्या उतारावर. या वाटेवरच्या एका ब्रेकरवर मी टेप लावली. उंची 16 सेंटिमीटर, रुंदी 70. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच, 3.7 मीटर रुंद आणि 17 मीटर त्रिज्येचा गोलवा घेतलेला असावा लागतो. तसा असेल तर पोलोच्या दोन चाकांच्या मधोमध तो फक्त साडेचार सेंटिमीटर वर येतो, खाली केलेली गाडीही आरामात ओलांडेल. नियमातला ब्रेकर असता तर माझा हा मुद्दा पडला असता, हे मी कबूल करतो. पण 70 सेंटिमीटरच्या ब्रेकरवर पुढची चाकं उतरतात तेव्हा तो अख्खा 16 सेंटिमीटर गाडीच्या पोटाखाली उभा असतो. हा ब्रेकर लोकांनीच घातला आहे, कारण त्या वळणावर शाळेची लेकरं रस्ता ओलांडतात. तो उद्या कुणी फोडावा असं मी म्हणणार नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये शेगावहून दर्शन करून परतताना अशाच एका ब्रेकरवर भाच्याच्या गाडीचा चेंबर फुटला. गाडीत माझी बहीण, तिची जाऊ, भाचा आणि त्याची बायको. पाऊस होता, ब्रेकरवर पाणी होतं, दिसला नाही. आवाज झाला, आणि चार-पाच किलोमीटरनंतर ऑइलचा दिवा लागला. त्याने लगेच इंजिन बंद केलं हे त्याचं शहाणपण, नाहीतर इंजिन जाम झालं असतं. रात्री साडेआठ ते अकरा तिघी बायका रस्त्याच्या कडेला छत्रीखाली उभ्या होत्या. बहिणीला मणक्याचा त्रास आहे, ती मागच्या सीटवर बसते आणि प्रत्येक ब्रेकरला सीटवरून थोडी उचलून धरते स्वतःला. मुलाला ती हे सांगत नाही. मला सांगते.

आता रेसच्या गाड्या. यासाठी श्रीपेरुंबुदूर किंवा ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकपर्यंत जायची गरज नाही, आपल्या शंकरपटाकडे पाहा. पटाचा छकडा किती हलका असतो, हे बाळापूर-पातूरच्या म्हाताऱ्यांना विचारा. एक माणूस कसाबसा उभा राहील एवढाच. पटाच्या दिवशी तो वाऱ्यासारखा जातो. त्या छकड्यात कापूस भरून कुणी जिनिंगला नेला का? पटाचा छकडा वेगळा, शेताची बंडी वेगळी, आणि दोन्ही ठेवणाऱ्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नव्हतं. ट्रॅकवरची गाडी त्या गुळगुळीत डांबरासाठी जन्मलेली असते. तिचे स्प्रिंग, शॉकअप, टायर एकमेकांसाठी बनवलेले असतात आणि दर शर्यतीनंतर ते खोलून तपासले जातात.

पण वेग आणि वाईट रस्ता एकत्र येतात तो खेळही मोटरस्पोर्टमध्ये आहेच, त्याचं नाव रॅली. आणि तिथलं उदाहरण तर भाच्याच्याच गाडीचं आहे. फोक्सवॅगनने पोलोची रॅली गाडी केली, पोलो आर डब्ल्यूआरसी. सेबास्तियन ओजिएने ती चालवत 2013 ते 2016 सलग चार जागतिक विजेतेपदं घेतली. मातीच्या रस्त्यांवर धावताना तीच गाडी डांबराच्या रॅलीपेक्षा उंच ठेवली जायची आणि तिच्या चाकांना जास्त प्रवास दिला जायचा. जगातल्या सगळ्यात वेगवान पोलोला खराब रस्त्यावर उंची लागत होती. बाळापूरच्या पोलोला ती नकोशी झाली आहे. भाच्याच्या मोबाइलवर ओजिएचा फोटो आहे. त्या फोटोत गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे ते त्याने एकदा नीट पाहावं.

कायद्यावर मी फार वेळ घालवणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याविरुद्ध दिलेला निर्णय आहे, आणि त्याच वर्षी आलेल्या कलम 182 अ मध्ये बिनपरवानगीच्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पोरं म्हणतात आरसी बुकात उंचीची नोंदच नसते. बरोबर, नसते. म्हणून मी कायद्याच्या आडोशाला उभा राहत नाही. एवढंच विचारतो की अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकला आणि त्याला परक्या स्प्रिंगा दिसल्या तर त्याच्याशी हा वाद कोण घालणार? जर्मनीत हेच काम लोक उघडपणे करतात. तिथे स्प्रिंगेबरोबर तपासणीचा कागद येतो, बसवल्यावर अधिकृत तपासनीस गाडी बघतो, कोन मोजतो, आणि बदलाची नोंद होते. आपल्याकडे आलेल्या खोक्यात स्प्रिंगा असतात, कागद नसतो, आणि तपासणारा माणूस तर नसतोच.

एका गोष्टीत मी त्यांच्या बाजूचा आहे. ज्याला हे काम मनापासून करायचं आहे त्याने पूर्ण करावं. स्प्रिंगेशी जुळणारे आखूड शॉकअप, नवे स्टॉपर, पंधरा मिलिमीटरपर्यंतच उतार, त्याच दिवशी अलाइनमेंट, आणि ही गाडी घरच्यांना न्यायला-आणायला नाही असा ठाम निर्णय. अशी गाडी ट्रॅकवर नेऊन चालवणारे जाणते लोक पुण्या-मुंबईकडे आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्याला लागणाऱ्या पैशांच्या आणि कष्टांच्या दहाव्या हिश्शात तेच मिळतं असं सांगणं खोटं आहे, आणि पोरांना ते खोटं विकलं जात आहे, याचा मला राग आहे.

भाच्याचा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तोच सगळ्यात खरा होता. मित्र गेल्यावर तो हळूच म्हणाला, "मामा, खरं सांगू काय, दिसते भारी." दिसते. मीही मान्य करतो. चाक मडगार्डच्या कमानीत घट्ट बसलेलं दिसतं तेव्हा गाडी दौडीला दबा धरून बसल्यासारखी वाटते. सुंदर दिसावं असं वाटण्यात काहीच वाईट नाही, आमच्या काळीही बैलांच्या शिंगांना बेगड लावायचे, पोळ्याला झूल घालायचे. पण झूल संध्याकाळी काढून ठेवत असत. पोळ्याच्या झुलीवर कुणी नांगर जुंपला नाही.

आपल्या बाळापूरच्या किल्ल्याकडेही मी उंचीच्या याच दृष्टीने पाहतो. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मध्ये उंचवट्यावर तो उभा आहे, एलिचपूरच्या नवाब इस्माईलखानाच्या काळात 1757 मध्ये पूर्ण झालेला. पावसाळ्यात दोन्हीकडून पाणी चढतं आणि किल्ला कोरडा राहतो. बांधणाऱ्यांना पाण्याची पातळी ठाऊक होती. गाडी बनवणाऱ्याला रस्त्याची पातळी ठाऊक असते. भाचा लहानपणी माझ्याबरोबर त्याच तटावर पूर बघायला यायचा.

तर हे बघ, तुला उद्देशूनच लिहितो. तुझ्या कंपनीच्या चारही स्प्रिंगा माझ्याकडे आहेत. गॅरेजवाला भंगारात देणार होता तेव्हा तूच त्या मागून आणल्या आणि माझ्या पडवीत ठेवल्यास, म्हणजे तुझ्याही मनात कुठेतरी होतंच. मी त्यांना ग्रीस लावून पोत्यात गुंडाळून ठेवलं आहे, गंज नाही. पुढचे दोन्ही शॉकअप मात्र गेले आहेत, परवा मी बंपरवर हात दाबून पाहिला तर गाडी तीनदा नाचली. नवे शॉकअप, चार चांगले टायर आणि लोअर आर्मचे बुश, एवढं घाल. टायर सोडून बाकीचे पैसे मी देतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर मित्राच्या गॅरेजातून आणून ठेवतो, घरचा जॅक वापरायचा नाही, स्टँड लावूनच खाली शिरायचं. रविवारी सकाळी सहाला ये, उन्हाच्या आत पुढची बाजू होईल. आणि येताना आईला घेऊन ये, मागच्या सीटवर.